आधी भोंगा, मग गेट

ओमेश्वरी बारा वर्षांची असताना तिच्या वडिलांना साहेब लोकांनी तीन वेळा बोलावून एकच प्रश्न विचारला होता. भोंगा किती वाजता वाजवला? तिन्ही वेळा शालीकराम रहांगडाले यांनी एकच उत्तर दिलं. भोंगा पाच वाजून दहा मिनिटांनी, गेट पाच पंचवीसला. रजिस्टरात निळ्या शाईनं तसंच लिहिलेलं होतं. अक्षर सुरेख, कुठं खाडाखोड नाही.

ही १९९९ सालच्या भादव्यातली गोष्ट. देवरीच्या पुढं जंगलात बिजाझरीचं धरण होतं, मातीच्या भिंतीचं, तीन गेटांचं. शालीकराम तिथं गेट चालवायचे. नियम साधा होता. पाणी सोडायचं असेल तर आधी भिंतीवरून चारशे पावलं चालत दुसऱ्या टोकाला जायचं, तिथल्या खांबावरचा भोंगा हातानं फिरवायचा, परत यायचं, भोंग्यापासून पंधरा मिनिटं भरेपर्यंत थांबायचं, आणि मग गेट उघडायचं. खालच्या गावांना तेवढ्यात नाल्यातून बाहेर पडता येई.

त्या दिवशी तीन दिवसांची पावसाची झड लागलेली. फोनची तार तुटली होती आणि पाणी भिंतीच्या माथ्याकडं चढत होतं. मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं असतं तर धरणच गेलं असतं, आणि त्याबरोबर खालची सहा गावं. शालीकरामांनी चाक फिरवून गेट उघडलं. नाल्याला लोंढा आला. कोसमटोल्याची दुर्पता उईके निंदणावरून परतताना नाला ओलांडत होती, तिच्या मागं म्हातारा चैतराम. दोघंही वाहून गेले. दुर्पता तिसऱ्या दिवशी सापडली. चैतराम सापडलाच नाही.

टोल्यावरचे, त्या वस्तीतले लोक म्हणाले, भोंगा आम्हाला ऐकूच आला नाही. साहेबांनी लिहिलं, पाऊस व उलटा वारा यांमुळे आवाज पोचला नसावा. त्याच वर्षी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला होता. कागदांची गाठोडी या कचेरीतून त्या कचेरीत जात होती. त्या घोळात ती फाईलही मिटली.

भोंगा ओमेश्वरीनं स्वतः ऐकला होता. भिंतीच्या पायथ्याशी त्यांचं क्वार्टर होतं. ती ताट घेऊन बसली होती, तेव्हा तो चढत जाणारा, रडवा आवाज आला, आणि तिची माय दुलारी चुलीपाशी हातात पळी घेऊन तशीच उभी राहिली. म्हणून शाळेत एका पोरीनं ‘तुह्या बापानं दोघाईले बुडवलं’ म्हटलं तेव्हा ओमेश्वरी तिच्या अंगावर धावून गेली. “मी ऐकला भोंगा! माह्या कानानं ऐकला!” महिनाभर ती भेटेल त्याला हेच सांगत सुटली. तिची साक्ष कुणी कागदावर घेतली नाही, पण तिनं ती स्वतःपाशी जपून ठेवली.

वर्षभरात शालीकरामांची बदली गोंदियाच्या कचेरीत झाली आणि त्यांनी जवळच मुर्रीला घर घेतलं. कचेरीत त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. घरातही नव्हती. फक्त झड लागली की ते उठून सगळ्यात आतल्या खोलीत जात आणि खिडकीकडं पाठ करून खाटेवर बसत. दुलारी त्यांचं ताट तिथंच नेऊन ठेवी. कुणी काही विचारत नसे. अशा घरात वाढणारं पोर हळू चालायला शिकतं, तशी ओमेश्वरी शिकली.

मामानं एकदा तिला बॅटरीवर चालणारा विटा रचायचा खेळ आणून दिला. वरून विटा पडत राहतात, आपण त्या नीट बसवायच्या. ती दुपार दुपार त्यात डोकं घालून बसे. मामानं विचारलं, “जिंकली का वं?”

“हा जिंकताच येत नाही, मामा. कितीही चांगलं खेळा, शेवटी विटा वरपर्यंत येतातच.”

“मग कायले खेळते?”

तिनं पुन्हा खेळ सुरू केला. हरणं ठरलेलं असूनही माणूस इतकं जीव लावून खेळतो, ही गोष्ट तिच्या मनात घर करून राहिली. पुढं ती गोंदियाच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली, दोन वर्षं एका क्लासमध्ये पोरांना टायपिंग आणि तक्ते शिकवले, आणि २००९ साली नागपूरच्या एका छोट्या कंपनीत लागली. कंपनी मोबाइलवरचे खेळ बनवायची. फुगे फोडा, फळं कापा, माकडाला केळी द्या. ओमेश्वरी त्यात हुशार निघाली. पाण्याची लाट, पानांची सळसळ, पावसाची तिरपी रेघ असली कामं सगळे तिच्याकडंच देत.

शेजारच्या टेबलावर तिलक बोपचे बसायचा. तुमसरचा, सिनेमाचं वेड असलेला, तोंडाळ पण मनानं सरळ. एकदा चहाच्या टपरीवर ओमेश्वरी म्हणाली की मला असा खेळ करायचा आहे जो खेळून माणूस गप्प होईल.

“गप्प? आपला खेळ खेळून लोक संडासातून बाहेर येत नाहीत, एवढं पुरे आहे,” तिलक हसला. मग तिचा चेहरा पाहून जरा गंभीर झाला. “हे बघ. सिनेमात रडू येतं, कारण तिथं आपल्याला काही करता येत नाही. समोर होऊन राहिलं ते बघत बसायचं. खेळात बटन आपल्या हातात. मेलं तर पुन्हा जिवंत. मग रडायचं कशाला? खेळ तो खेळ. त्याला पुस्तकासारखा जीव नसतो.”

ओमेश्वरीनं ग्लास खाली ठेवला. “पण सिनेमात चूक दुसऱ्याची असते,” ती म्हणाली. “खेळात मी केलेली असते.”

“म्हणून?”

“म्हणून तिथं जास्त लागेल.”

तिलकनं खांदे उडवले. त्याला ते पटलं नाही, आणि तिलाही ते नुसतं बोलून दाखवायचं नव्हतं. त्या आठवड्यापासून ती रविवारी आपल्या खोलीवर बसून स्वतःचा खेळ बनवू लागली.

खेळात एक केबिन होती, पत्र्याची. काचेबाहेर पाणी, पाण्यात मोजपट्टी, आणि पाऊस. गुण नव्हते, पायऱ्या नव्हत्या. खेळणारा म्हणजे गेट चालवणारा. मोजपट्टीवरचा आकडा चढत जाई. मग त्यानं उठून भिंतीवरून चालत जायचं, खरोखरची चारशे पावलं, विजा चमकत असताना. भोंगा फिरवायचा, परत यायचं, पंधरा मिनिटं भरेपर्यंत थांबायचं, गेटचं चाक फिरवायचं. शेवटी रजिस्टर उघडे आणि त्यात निळ्या अक्षरांत वेळा आपोआप उमटत: भोंगा ५.१०, गेट ५.२५. खाली दुसऱ्या दिवशीची तारीख, आणि दोन नावं. बस.

तुम्ही काहीही करा, ती दोन नावं येतच. यातच सगळं आलं, असं तिला वाटे. सगळं नियमानं करूनही माणसाच्या वाट्याला काय येऊ शकतं, हे कुणालातरी तिच्या बापाच्या जागी बसवून दाखवायचं होतं. एक अडथळा मात्र तिनं मुद्दाम घातला होता. भोंगा वाजवल्याशिवाय गेटचं चाक जागचं हलतच नसे. तिच्या खेळात नियम मोडणं शक्यच नव्हतं.

तिलकनं तो खेळला. दोन नावं आल्यावर त्यानं पुन्हा सुरू केला. मग तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी तो भिंतीवरून पळत गेला, पळत आला. पुन्हा तीच नावं.

“माझं कुठं चुकतंय?” त्यानं विचारलं.

“कुठंच नाही.”

त्यानं पडद्यावरच्या रजिस्टराकडं बोट केलं. “हे कोणाचं आहे?”

“माझ्या बाबूजींचं.”

तिलक उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळानं परत आला तेव्हा म्हणाला, “त्यांना दाखव. त्यांना बरं वाटेल.”

तिलाही तसंच वाटलं होतं.

२०१२ च्या दिवाळीत ती मुर्रीला आली. शालीकराम रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन. दुलारी अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. ओमेश्वरीनं लॅपटॉप टेबलावर ठेवला, वडिलांना खुर्चीवर बसवलं आणि कोणतं बटन कशाचं ते सांगितलं. त्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. चष्मा पुसून ते पुढं वाकले.

पडद्यावर पाऊस सुरू झाला. अंगणातलं सूप थांबलं.

“हे आपलं धरण होय?” शालीकरामांनी विचारलं.

“हो, बाबूजी.”

ते उठून जातील असं ओमेश्वरीला वाटलं. पण ते उठले नाहीत. उलट बोलू लागले, आणि तिनं वर्षानुवर्षं ऐकला नव्हता अशा आवाजात बोलू लागले. “मोजपट्टीवर लाल रेघ पाहिजे. साताच्या वर. आनि पत्र्यावर पानी असं नाही वाजत. एवढा आवाज राहते का मानसाले स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. चाकावरचा बाण उलटा काढला तू. डाव्या हाताले फिरते.”

ती भराभर लिहून घेत होती. तिला इतका आनंद झाला होता की मोजपट्टीवरचा आकडा चढत गेलेला तिनं पाहिलाही नाही. शालीकरामांनी पाहिला. त्यांचं बोलणं बंद झालं. पाठ ताठ झाली. आकडा साताच्या वर गेला, आणि त्यांनी बटन दाबलं.

पडद्यावरचा हात गेटच्या चाकावर गेला. चाक हललं नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा, जोरानं, अंगठ्यानं.

“काऊन नाही फिरून राहिलं? अवो, पानी चढून राहिलं ना! काऊन नाही फिरून राहिलं?”

“बाबूजी,” ओमेश्वरी हसत म्हणाली, “आधी भोंगा. मग गेट.”

शालीकरामांचा हात बटनावरच थांबला. त्यांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, शरमही नव्हती. एखाद्याला झोपेतून हलवून उठवावं आणि आपण कुठं आहोत ते त्याला पटकन कळू नये, तशी ती नजर होती. मग ते पुन्हा पडद्याकडं वळले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मोजपट्टी बुडाली. ओमेश्वरीनं त्या शक्यतेसाठी काही बनवलंच नव्हतं. पाणी नुसतं चढत राहिलं, पाऊस वाजत राहिला.

तेव्हा तिला तो आवाज पुन्हा ऐकू आला. बारा वर्षांची ती, हातात ताट, चुलीपाशी माय. भोंगा तिनं ऐकला होता, हे खरंच होतं. पण तो स्वच्छ आला नव्हता. तो दबलेला होता, कशाच्या तरी आडून येत होता, आणि म्हणून तिनं नीट ऐकायला ताटावरून मान वर केली होती. तो पाण्याच्या गर्जनेतून येत होता. पाणी आधी सुटलं होतं.

तिनं अंगणाकडं पाहिलं. दुलारी सूप मांडीवर घेऊन दाराकडं बघत बसली होती. तिनं नजर खाली केली आणि तांदळातले खडे वेचू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालीकराम तिला घेऊन शेताच्या बांधावर गेले. धान कापून झाला होता, बांधाबांधामधले शेताचे तुकडे, बांध्या, मोकळे पडले होते.

“भिंतीवर वीज पडून राहिली होती,” ते म्हणाले. “चारशे पावलं. मी दाराशी गेलो दोनदा. पाय नाही उचलला. पानी रेघीच्या वर होतं. म्हनलं आधी गेट उघडतो, मग जातो. उघडल्यावर गेलो. अकरा मिनिटं, बस. कोन असनार आहे नाल्यात अशा पान्यात, असं वाटलं मले.”

“आणि रजिस्टर?”

“ते दुसऱ्या दिवशी लिवलं. बाई सापडली नव्हती तवा.”

ओमेश्वरीला वडिलांची दया यायला हवी होती. आली नाही. तिला शाळेतली ती पोरगी आठवली आणि तिच्या अंगावर धावून गेलेली ती स्वतः आठवली. तेरा वर्षं ती बापाची साक्षीदार होती, आणि कशाची साक्ष देते आहे हे त्यांनी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. त्याच दुपारच्या गाडीनं ती नागपूरला परतली. तीन आठवडे तिनं घरी फोन केला नाही.

चौथ्या आठवड्यात शालीकरामांचाच फोन आला. इकडचं तिकडचं काही न विचारता ते म्हणाले, “तुह्या खेळातलं ते चाक मोकळं कर. भोंग्याबिगर फिरलं पाहिजे. जसं होते तसं. आनि रजिस्टर कोरं ठेव. वेळ मले लिवू दे.”

“कशाला, बाबूजी?”

“तू असं केलं का मानसाले चुकताच येत नाही. ते खोटं आहे.”

कंपनीतल्या कुणीही तिला खेळाबद्दल इतकं नेमकं काही सांगितलं नव्हतं. तिनं चाक मोकळं केलं. आता वाटा दोन होत्या: चालत जाऊन आधी भोंगा, किंवा दारातून परत फिरून आधी गेट. रजिस्टर कोरं, खेळणाऱ्यानं स्वतः लिहायचं, आणि खरं लिहायचं की खोटं तेही त्याचं त्यानं ठरवायचं. काही बिघडलं तर शोधता यावं म्हणून, दर वेळी रजिस्टरात काय लिहिलं गेलं ते मशीन एका फाईलमध्ये उतरवून ठेवी. सगळे खेळ बनवणारे असं करतात. तिनंही सवयीनं केलं.

संक्रांतीला ती गेली. शालीकरामांनी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खेळ सुरू केला, कचेरीत जायला निघावं तसा. आकडा चढला. ते दाराशी गेले, थांबले, परत फिरले. चाक हललं. पाण्याचा आवाज आला, आणि त्या आवाजातून ते भिंतीवरून चालत गेले. रजिस्टर उघडल्यावर त्यांनी एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत लिहिलं: गेट ५.२५. भोंगा ५.३६. बटन दाबून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. दुलारीनं पाण्याचा गडवा आणून जवळ ठेवला आणि आत निघून गेली.

आठवड्यानं बाप आणि लेक देवरीच्या बसमध्ये बसले. पुढं जीपनं, मग पायी. कोसमटोल्यात दुर्पताचा नवरा पुनाराम उईके अंगणात दोरखंड वळत बसला होता. साठीचा, काटक, डोक्याला लाल पंचा. त्यानं शालीकरामांना ओळखलं. बाज टाकली, पाणी दिलं, आणि पुन्हा दोर हातात घेतला.

शालीकरामांनी सांगितलं. उभ्यानंच, मधे न थांबता, वेळांसकट. पुनारामचे हात दोर वळत राहिले.

“आमाले माहीत हाय,” ऐकून झाल्यावर तो म्हणाला. “भोंगा मांगून वाजला. सारं गाव सांगत होतं. कोनी लिवून घेतलं नाही.” मग त्यानं लॅपटॉपच्या पिशवीकडं हनुवटी केली. “हे का आनलं?”

ओमेश्वरीनं दाखवलं. तो शेवटपर्यंत खेळला नाही. केबिन, पाऊस, मोजपट्टी नीट पाहून घेतली आणि विचारलं, “माही बायको कुठं हाय यात?”

ओमेश्वरीनं बटनावरचा हात मागं घेतला.

“गाव कुठं हाय? नाला? चैतराम कुठं हाय? सारा तुहा बापच हाय यात.” तो शांतपणे म्हणाला. “वाईट त्याले वाटलं, आनि खेळ बी त्याचाच.”

शालीकराम उठले आणि रस्त्याकडं चालू लागले. ओमेश्वरीही निघाली, पण फाटकापाशी थांबून मागं वळली. “काका, त्या दिवशी त्या कशा निघाल्या होत्या, ते मला सांगाल का?”

पुनारामनं तिला वर-खाली पाहिलं. “एकटी येजो,” तो म्हणाला.

ती त्या वर्षी सहा वेळा एकटी गेली. पुनारामनं तिला बांधी दाखवली, जिथं दुर्पता निंदत होती. पायवाट दाखवली. नाल्यातले दगड दाखवले, पाय ठेवायचे. दुर्पता चालताना पुटपुटायची, म्हाताऱ्या चैतरामला ‘हळू ये गा’ म्हणून मागं बघत राहायची, उजव्या पायाचं बोट दुखायचं म्हणून डावा पाय आधी टाकायची. ओमेश्वरीनं ते सगळं बनवलं. नोकरी सांभाळून, आठ महिने. खेळाचा तो दुसरा भाग होता, आणि त्यात करायचं फार थोडं होतं. घराकडं चालायचं. नाल्याकाठी आलं की एक बटन होतं, पाऊल पुढं टाकायचं. तिनं खूपांना खेळायला दिला. प्रत्येकानं ते बटन दाबलं. पलीकडं घर दिसत होतं, चुलीचा धूर दिसत होता, कोण थांबेल? तिलकनं दाबलं आणि लॅपटॉप मिटून टाकला. पुन्हा म्हणून त्यानं तो खेळ उघडला नाही, पण ‘खेळ तो खेळ’ हेही तो पुन्हा कधी म्हणाला नाही.

२०१४ च्या पौषात तिनं तो भाग पुनारामला नेऊन दाखवला. तो बाजेवर बसला, लॅपटॉप मांडीवर. दुर्पता बांधीतून निघाली. पुनारामनं तिला अगदी सावकाश चालवलं. दोनदा उभं करून मागं चैतरामकडं वळवलं. नाल्याचा काठ आला.

त्यानं बटन दाबलं नाही.

ओमेश्वरीला वाटलं, त्याला कळलं नाही. ती सांगायला पुढं झाली, पण त्यानं हात वर केला. दुर्पता काठावर उभी राहिली. मागून म्हातारा येऊन तिच्या शेजारी थांबला. पावसाचा आवाज. मग वरच्या अंगानं लोंढा आला, दगड गेले, झुडपं गेली, पाणी तिच्या पायांच्या खाली हातभर अंतरावरून घोंघावत राहिलं. ती उभीच होती.

“थांबली,” पुनाराम म्हणाला.

मग त्यानं मान वर केली. “आता का करावं लागते?” त्यानं विचारलं.

“काही नाही, काका. आता काहीच नाही.”

“हे असंच राहते?”

“बॅटरी असेपर्यंत.”

तो बॅटरी संपेपर्यंत बघत बसला. पडदा काळा झाल्यावर त्यानं लॅपटॉप बाजेवर ठेवला, उठला आणि बैल सोडायला गोठ्याकडं गेला. तिकडूनच, तोंड न दाखवता, तो म्हणाला, “तुह्या बापाले सांगजो, इकडं येऊ नोको म्हनून. तू बी आता नोको येऊ.”

तिनं घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. शालीकरामांनी मान हलवली. कचेरीत जाऊन त्यांनी आधीच आपल्या हातानं अर्ज दिला होता, की त्या वर्षीचं रजिस्टर चुकीचं आहे आणि ते मी लिहिलं आहे. तिथल्या बाबूनं भंडाऱ्याला विचारलं, भंडाऱ्यानं इकडं विचारलं. फाईल मिळाली नाही. बाबू म्हणाला, “काका, आता रिटायर झाले, आरामानं राहा.” कुणीच त्यांना काही करत नव्हतं. शिक्षा मागायला गेलेल्या माणसाला दोन्हीकडून परत पाठवलं होतं.

मग ते रोज खेळू लागले. ओमेश्वरीनं जुना लॅपटॉप घरीच ठेवला होता. सकाळचा चहा झाला की ते आतल्या खोलीत जात, खिडकीकडं पाठ करून बसत आणि सुरू करत. पावसाचा आवाज दुलारीला सहन होईना, म्हणून त्यांनी कानाला हेडफोन लावून घेतला. आता घर शांत असे. दारातून फक्त त्यांची पाठ दिसे. कधी ती पाठ निश्चल असे, कधी एकाएकी ताठ होई. ते भिंतीवरून चालत जात होते की दारातून परत फिरत होते, रजिस्टरात रोज काय लिहीत होते, कुणाला कळत नसे. सुट्टीवर आलेली ओमेश्वरी कितीदा दारापर्यंत गेली आणि परत फिरली. जेवायला बसले की ते बोलत, नातेवाइकांची चौकशी करत, हसतही. तेच तिला जास्त भीतीचं वाटे.

एकदा दुलारी तिला म्हणाली, “पाऊस नाही तरी रोज पावसात जाऊन येते हा मानूस. कपडे कोरडे राहते, पन अंग थंडगार राहते. हात लावून पाह्य.”

“बंद करू का ते?”

“तू बंद केलं का ते बंद होते?”

तीन वर्षं असं चाललं. २०१७ च्या उन्हाळ्यात, भर दुपारी, कोरड्या आभाळाखाली शालीकराम झोपेतच गेले. तेरवी झाल्यावर ओमेश्वरीनं तो लॅपटॉप उघडला. खेळाच्या फोल्डरात ती फाईल होती, बिघाड शोधण्यासाठी तिनं सवयीनं ठेवलेली. तिनं नुसता आकार पाहिला. हजारावर नोंदी असाव्यात. रोजची एक.

दुलारी मागं येऊन उभी राहिली होती. “त्यात का आहे?”

“बाबूजींनी रोज रजिस्टरात काय लिहिलं ते.”

दुलारीनं वाकून फाईलच्या त्या छोट्याशा नावाकडं पाहिलं. तिला वाचता येत होतं, पण हे तिच्या ओळखीचं लिहिणं नव्हतं. तिनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ओमेश्वरीला तो हात बर्फासारखा लागला.

“माय, उघडू का?”

ओमेश्वरीचं बोट बटनावर तसंच होतं, आणि दोघीही, एकमेकींकडं न बघता, थांबून राहिल्या.